मुखपट्टी, व्यायाम आणि प्रदूषित हवा : प्रश्न मास्कचा नव्हे, श्वासाच्या वेगाचा

दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर ३ डिसेंबर २०१७ रोजी क्रिकेटजगताने क्वचितच पाहिलेले दृश्य घडले. भारताविरुद्धच्या कसोटी सामन्याच्या दुसऱ्या दिवशी श्रीलंकेचे क्षेत्ररक्षक तोंडावर मास्क लावून मैदानात उतरले. धुरक्यामुळे खेळ एकाहून अधिक वेळा थांबवावा लागला. लाहिरू गमागे आणि सुरंगा लकमल यांनी मैदान सोडले आणि अखेर विराट कोहलीने ७ बाद ५३६ धावसंख्येवर डाव घोषित केला. श्रीलंकेचे खेळाडू अतिशयोक्ती करत असल्याची टीका त्या वेळी झाली. परंतु एक बाब फारशी कोणी लक्षात घेतली नाही. मैदान सोडणारे दोघेही वेगवान गोलंदाज होते. म्हणजेच मैदानावर सर्वाधिक धावणारे आणि सर्वाधिक श्वास घेणारे खेळाडू होते.

आठ वर्षांनंतरही चित्र फारसे पालटलेले नाही. १७ डिसेंबर २०२५ रोजी लखनऊ येथील भारत-दक्षिण आफ्रिका टी-ट्वेंटी सामना दाट धुक्यामुळे नाणेफेकही न होता रद्द झाला. सामन्यापूर्वी मैदानावर आलेला हार्दिक पांड्या मास्क लावून वावरताना दिसला. त्याच्या महिनाभर आधी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील शाळांच्या मैदानी स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरऐवजी सुरक्षित महिन्यांत घेण्याबाबत विचार करावा, असे वायुगुणवत्ता व्यवस्थापन आयोगाला सुचविले होते. महासाथीच्या काळात घरोघरी आलेली मुखपट्टी आता उत्तर भारतातील हिवाळ्याच्या सामानात जमा झाली आहे. मुंबईही त्याला अपवाद उरलेली नाही. २०२३ च्या विश्वचषक स्पर्धेत हवेच्या गुणवत्तेचे कारण देऊन मुंबई आणि दिल्ली येथील सामन्यांतील आतषबाजी रद्द करण्यात आली होती.

अशा परिस्थितीत पहाटे फिरायला जाणारे ज्येष्ठ नागरिक, मॅरेथॉनची तयारी करणारे हौशी धावपटू आणि पोलीस किंवा सैन्य भरतीसाठी रस्त्याच्या कडेने धावणारे तरुण यांच्यापुढे एकच पेच आहे. मास्क लावला तर दम लागतो आणि काढला तर धूळ-धूर छातीत जातो. मास्क लावून व्यायाम करणे शरीराला घातक आहे काय, हा प्रश्न बहुधा ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा उत्तराच्या अपेक्षेने विचारला जातो. उपलब्ध शास्त्रीय पुरावा मात्र वेगळेच सांगतो. मास्कचा परिणाम मास्कइतकाच श्वासाच्या वेगावर अवलंबून असतो.

श्वासाचे गणित

स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. झपाझप चालू लागल्यावर हे प्रमाण वीस ते तीस लिटरपर्यंत जाते. जोराने धावताना ते शंभर लिटरच्या पुढे जाऊ शकते. मास्कचे कापड किंवा तंतूंचे थर हवेच्या वाटेत अडथळा निर्माण करतात आणि हवेचा प्रवाह वाढला की त्या अडथळ्यावर मात करण्यासाठी लागणारा जोरही वाढतो. बसलेल्या माणसाला जो अडथळा जाणवतही नाही, तोच चढण चढताना किंवा अखेरच्या फेरीत धावताना छातीच्या स्नायूंना आणि श्वासपटलाला जाणवू लागतो.

दुसरी गोष्ट मास्क आणि चेहरा यांच्यामधील पोकळीची. सोडलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साईडचे प्रमाण सुमारे चार ते पाच टक्के असते, तर बाहेरच्या हवेत ते ०.०४ टक्क्यांच्या आसपास असते. सोडलेल्या हवेचा थोडा भाग या पोकळीत उरतो आणि पुढच्या श्वासाबरोबर पुन्हा आत जातो. मात्र मास्क हा वायू कोंडून ठेवतो, हा समज चुकीचा आहे. वायूंचे रेणू तंतूंमधील छिद्रांच्या तुलनेत इतके सूक्ष्म असतात की ते सहज आरपार जातात. शिल्लक राहते ती केवळ पोकळीतील हवा आणि खोल श्वास घेताना तिचे प्रमाण एकूण श्वासाच्या मानाने कमीच होत जाते.

तिसरी बाब घामाची आणि ओलाव्याची. धावताना उच्छ्वासातील वाफ आणि चेहऱ्यावरचा घाम यांमुळे मास्क भिजतो. ओल्या कापडातून हवा कष्टाने जाते, म्हणून पहिल्या दहा मिनिटांत त्रास न देणारा मास्क अर्ध्या तासाने नकोसा होतो.

प्रयोग काय सांगतात

२०२० नंतर अनेक देशांत या विषयावर प्रयोग झाले. त्यांचे निष्कर्ष वरवर पाहता परस्परविरोधी वाटतात. जर्मनीतील लाइपझिग येथे १२ निरोगी पुरुषांना मास्कविना, शस्त्रक्रियेच्या वेळी वापरतात तसा मास्क लावून आणि एन-९५ च्या तोडीचा एफएफपी-२ मास्क लावून स्थिर सायकल चालवायला लावली. परिश्रमाच्या कमाल पातळीवर मिनिटाला आत-बाहेर होणाऱ्या हवेचे प्रमाण साध्या मास्कमुळे सुमारे १२ टक्क्यांनी आणि एफएफपी-२ मुळे सुमारे २३ टक्क्यांनी घटले. निर्माण होणारी कमाल शक्ती मात्र २७७ वॅटवरून अनुक्रमे २६९ आणि २६३ वॅट इतकीच उतरली. हृदयाने पंप केलेल्या रक्ताच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही.

कॅनडातील सस्कॅचवान विद्यापीठात सात पुरुष आणि सात महिलांवर झालेल्या प्रयोगात कापडी किंवा साध्या मास्कमुळे थकून थांबेपर्यंतच्या वेळेत अथवा रक्तातील प्राणवायूच्या पातळीत उल्लेखनीय फरक दिसला नाही. अमेरिकेत १८ ते २९ वयोगटातील ३१ जणांवर झालेल्या चाचणीत उलट चित्र समोर आले. ट्रेडमिलवर कापडी मास्क लावून धावणाऱ्यांचा व्यायामाचा कालावधी १४ टक्क्यांनी आणि प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता २९ टक्क्यांनी घटली. सहभागी व्यक्तींनी वाढत जाणारी धाप आणि कोंडल्याची भावना नोंदविली. इस्रायलमध्ये १६ निरोगी पुरुषांच्या चाचणीत एन-९५ मुळे उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साईड काहीसा वाढला, परंतु थकून थांबेपर्यंतचा वेळ बदलला नाही.

हा विरोधाभास मोजमापाच्या पद्धतीतून बऱ्याच अंशी उलगडतो. प्राणवायूचा वापर मोजायचा असेल तर यंत्राचा घट्ट मुखवटा मास्कवर दाबून बसवावा लागतो. त्यामुळे एरवी कडांमधून ये-जा करणारी हवाही कापडातूनच जाऊ लागते आणि अडथळा वाढतो. शिवाय आपण मास्क लावला आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते, त्यामुळे ‘मला आता झेपत नाही’ या निर्णयात मनाचाही वाटा असतो. तरीही बहुतेक प्रयोगांमध्ये एक समान सूत्र आढळते. हलक्या आणि मध्यम व्यायामात निरोगी माणसाच्या शरीरावर होणारा परिणाम अल्प असतो, तो वाढतो ते परिश्रमाच्या वरच्या टोकाला. या विषयावरील संशोधनाचा २०२१ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी घेतलेला आढावाही हेच सांगतो. श्वासाचे श्रम आणि रक्तातील वायूंचे प्रमाण यांत होणारे बदल लहान असतात, अनेकदा मोजता न येण्याइतके लहान.

दम लागणे आणि प्राणवायू कमी होणे

मग मास्क लावल्यावर इतका दम का लागतो? दम लागणे ही जाणीव आहे, तर प्राणवायूची पातळी हे मोजमाप आहे. दोन्ही नेहमी एकत्र येतातच असे नाही. चेहऱ्याच्या, विशेषतः नाक-तोंडाभोवतीच्या त्वचेला थंड हवेचा स्पर्श झाला की धाप कमी वाटते. म्हणूनच श्वसनविकाराच्या रुग्णांना चेहऱ्यावर पंख्याचा वारा घेतल्याने बरे वाटते. मास्कमुळे हा स्पर्श बंद होतो आणि त्याजागी उष्ण, दमट हवा येते. त्यामुळे बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९७ दाखवत असतानाही मेंदूपर्यंत गुदमरल्याचा संदेश जातो.

याचा अर्थ त्या जाणिवेकडे दुर्लक्ष करावे असा नव्हे. धाप हा वेग कमी करण्याचा शरीराने दिलेला इशारा असतो. तो मास्कमुळे लवकर मिळाला, तरी त्याचे ऐकणेच शहाणपणाचे ठरते. चक्कर येणे, डोके दुखणे, छातीत दुखणे किंवा दडपण जाणवणे अशी लक्षणे दिसल्यास थांबून मास्क काढणे आवश्यक आहे आणि छातीत दुखणे शमले नाही तर विनाविलंब डॉक्टर गाठले पाहिजेत. आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागेल. वरील बहुतेक प्रयोग मोजक्या, तरुण आणि निरोगी व्यक्तींवर झाले आहेत. दमा, जुनाट श्वसनविकार वा हृदयविकार असलेल्यांना आणि गर्भवतींना त्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत.

महासाथीतील सल्ला आणि आजचा संदर्भ

सर्वसामान्यांच्या मनातील गोंधळाचे मूळ महासाथीच्या काळातील सूचनांमध्येही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये व्यायाम करताना मास्क वापरू नये, असे सांगितले होते. श्वास घेण्यात अडचण येते, घामाने मास्क लवकर भिजतो आणि त्यात सूक्ष्मजंतू वाढतात, ही त्यामागची कारणे होती. मुलांनी खेळताना आणि धावताना मास्क लावू नये, असेही संघटनेने युनिसेफसह स्पष्ट केले. भारतात ऑगस्ट २०२० मध्ये व्यायामशाळा उघडताना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आवारात मास्क सक्तीचा केला, परंतु प्रत्यक्ष व्यायामाच्या वेळी शक्यतो चेहऱ्यापुढील पारदर्शक ढाल वापरावी, कारण मास्कमुळे, विशेषतः एन-९५ मुळे, श्वसनास त्रास होऊ शकतो, असे म्हटले. त्याच सुमारास चीनमध्ये मास्क लावून धावताना शाळकरी मुले दगावल्याच्या बातम्या जगभर पसरल्या. त्या मृत्यूंना मास्कच कारणीभूत होता हे सिद्ध झाले नाही, पण भीती मात्र मागे उरली.

या सर्व सूचनांमागे एक गृहीतक होते. मोकळ्या जागी अंतर राखून व्यायाम केला तर संसर्गाचा धोका कमी, म्हणून तेथे मास्कची गरजही कमी. प्रदूषणाच्या बाबतीत हे गृहीतक उलटते. येथे मोकळी जागाच धोक्याची असते आणि शेजारी कोणी नसले तरी धोका टळत नाही. २०२० चा सल्ला आजच्या दिल्लीला, लखनऊला किंवा मुंबईला लावताना हा फरक विसरून चालणार नाही. उच्छ्वासाची झडप असलेल्या एन-९५ मास्कचे उदाहरण बोलके आहे. ही झडप श्वास सोडणे सुलभ करते, पण वापरणाऱ्याचा उच्छ्वास न गाळता बाहेर टाकते. म्हणून महासाथीत केंद्राने अशा मास्कविरुद्ध सूचना दिली होती. धुळीपासून स्वतःचा बचाव करायचा असेल तेव्हा हा आक्षेप उरत नाही.

चालणे वेगळे, धावणे वेगळे

भारतीय मानकानुसार पीएम २.५ या सूक्ष्म धूलिकणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ इतकी सुचविली. हवेत २०० मायक्रोग्रॅम धूलिकण असताना एक तास स्वस्थ बसलेला माणूस, मिनिटाला सात लिटर या हिशेबाने, सुमारे ८४ मायक्रोग्रॅम कण श्वासावाटे ओढतो. मिनिटाला २५ लिटर हवा घेत चालणारा ३०० मायक्रोग्रॅम, तर ७० लिटर हवा घेत धावणारा तब्बल ८४० मायक्रोग्रॅम कण ओढतो. शिवाय जोराच्या व्यायामात श्वास तोंडाने घेतला जातो, त्यामुळे नाकाची नैसर्गिक गाळणीही निकामी ठरते. कोटलावरील वेगवान गोलंदाजांची अवस्था या हिशेबातून समजते.

चालण्याच्या वेगाला मास्क उपयोगी पडतो, याचा पुरावा बीजिंगमधून मिळतो. हृदयाच्या धमन्यांचा विकार असलेल्या ९८ रुग्णांना तेथे ठरलेल्या मार्गावर दोन तास चालायला लावले, एकदा उत्तम प्रतीचा मास्क लावून आणि एकदा मास्कविना. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मास्क लावलेल्या दिवशी रुग्णांचा सरासरी रक्तदाब काहीसा कमी राहिला आणि हृदयाच्या स्नायूंना रक्तपुरवठा अपुरा पडल्याच्या खुणाही घटल्या. म्हणजेच चालणाऱ्या रुग्णाला मास्कच्या अडथळ्याने झालेल्या त्रासापेक्षा धूर रोखल्याचा लाभ मोठा ठरला. लंडनमध्ये साठी ओलांडलेल्या ११९ जणांवर झालेल्या अभ्यासाने नाण्याची दुसरी बाजू दाखवली. हाइड पार्कमध्ये दोन तास चालल्याने फुप्फुसांना आणि रक्तवाहिन्यांना जो फायदा झाला, तो वाहनांनी गजबजलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर चालल्यावर बराचसा नाहीसा झाला.

प्रदूषणाच्या भीतीने व्यायामच सोडून देणे हा मात्र उपाय नव्हे. केंब्रिजमधील संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या गणितानुसार पीएम २.५ चे प्रमाण १०० असलेल्या ठिकाणी रोज दीड तासाहून अधिक सायकल चालविली किंवा दहा तासांहून अधिक चालले, तरच हानी लाभापेक्षा वरचढ ठरते. याचा व्यावहारिक अर्थ असा, की हवा मध्यम प्रतीची असेल तर नेहमीचा फेरफटका सुरू ठेवावा. निर्देशांक ‘खराब’ म्हणजे २०० च्या पुढे गेला की वेग आणि वेळ दोन्ही कमी करून नीट बसणारा मास्क लावून चालावे. ‘अतिशय खराब’ म्हणजे ३०० च्या पुढे गेल्यास धावणे, सायकल आणि मैदानी खेळ टाळून घरातच व्यायाम करावा. मास्क लावून जोराने धावणे हा दोन्ही बाजूंनी तोट्याचा सौदा आहे. श्वास अडतो, मास्क भिजतो, जोराच्या श्वासोच्छ्वासाने कडा सैल होतात आणि संरक्षणही अपुरे राहते.

वेळेची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. पहाटेची हवा शुद्ध असते, ही पिढ्यानपिढ्यांची समजूत हिवाळ्यातील उत्तर भारतात खरी ठरत नाही. रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन वरच्या उष्ण थराखाली अडकते आणि धूर खालीच साचतो. ऊन वर आल्यावर तो काहीसा विरळ होतो. म्हणून हिवाळ्यात दुपारचा फेरफटका पहाटेपेक्षा बरा. उन्हाळ्यात मात्र दुपारी ओझोन वायू वाढतो आणि धूलिकणांसाठीचा साधा मास्क वायूंना अडवू शकत नाही.

मास्कची निवड आणि एक गैरसमज

धूलिकणांपासून बचाव करायचा तर कापडी रुमाल किंवा सैल मास्क फारसा उपयोगी नाही, कारण हवा नेहमी कमी अडथळ्याच्या वाटेने, म्हणजे कडांच्या फटींतून आत येते. एन-९५ किंवा भारतीय मानक आयएस ९४७३ नुसार बनलेला एफएफपी-२ मास्क नाकावर घट्ट बसला, दाढीमुळे फट राहिली नाही आणि ओला होताच बदलला, तरच त्याच्यावर लिहिलेले आकडे खरे ठरतात.

भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांमध्ये आणि व्यायामशाळांमध्ये आणखी एक समज रूढ आहे. मास्क लावून सराव केला तर डोंगरावर सराव केल्यासारखा दम वाढतो, असे मानले जाते. उंचावरील हवेत प्राणवायूचा दाब कमी असतो, त्यामुळे कालांतराने रक्तातील हिमोग्लोबिन वाढते. मास्क हवेचा प्रवाह अडवतो, तिच्यातील प्राणवायूचा दाब उंचावरच्याप्रमाणे उतरवत नाही. खास सरावासाठी विकल्या जाणाऱ्या मुखवट्यांची सहा आठवडे चाचणी घेतल्यावर अमेरिकेतील संशोधकांना हिमोग्लोबिनमध्ये वाढ आढळली नाही. महाराष्ट्र पोलीस भरतीतील १,६०० मीटर किंवा ८०० मीटर धावण्याची तयारी करणाऱ्यांनी मास्कच्या आधाराने दम वाढवण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा वाहनांच्या रस्त्यापासून दूर असलेले मैदान शोधणे अधिक हिताचे आहे.

ज्यांना पर्याय नाही

आतापर्यंतची चर्चा व्यायामाविषयी झाली. व्यायाम हा ऐच्छिक असतो. तो दुपारी करता येतो, घरात करता येतो, एखाद्या दिवशी टाळताही येतो. परंतु सायकलरिक्षा ओढणारा, बाजारात पोती वाहणारा हमाल, रस्ते झाडणारी सफाई कामगार महिला, इमारतीवर विटा चढवणारा मजूर आणि घरोघरी माल पोहोचविणारा तरुण यांच्या शरीराला तितकेच, किंबहुना अधिक श्रम दिवसाचे आठ-दहा तास करावे लागतात. त्यांचा श्वासही धावपटूसारखाच वाढतो. त्यांना ‘मास्क लावा’ असे सांगणे म्हणजे श्रमाच्या वरच्या टोकाला श्वासात अडथळा आणणे आणि ‘मास्क काढा’ असे सांगणे म्हणजे दिवसभर धूर ओढायला लावणे. ‘वेग कमी करा’ हा तिसरा आणि सर्वांत योग्य सल्ला त्यांच्या रोजंदारीला परवडत नाही.

म्हणूनच हा विषय आरोग्यसल्ल्यापुरता मर्यादित राहत नाही. प्रदूषणाच्या काळात बांधकामे बंद ठेवताना मजुरांना निर्वाह भत्ता द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिल्ली आणि शेजारच्या राज्यांना बजावले होते. कामाचे तास दुपारकडे सरकविणे, जड कामात विश्रांतीचे टप्पे ठरवणे आणि सफाई कामगार व वाहतूक पोलिसांना रोज नवा, नीट बसणारा मास्क मालकाने वा प्रशासनाने पुरवणे ही त्याच दिशेची पुढील पावले ठरू शकतात. शाळांच्या स्पर्धा सुरक्षित महिन्यांत नेता येतात, तर भरतीच्या मैदानी चाचण्यांचे वेळापत्रकही हवेकडे पाहून आखता येईल.

मास्क हा शरीराचा शत्रू नाही, हे प्रयोगांनी पुरेसे स्पष्ट केले आहे. चालणाऱ्या माणसाला तो प्रदूषित दिवशी आधार देतो. धावणाऱ्याला आणि राबणाऱ्याला मात्र तो स्वच्छ हवेचा पर्याय देऊ शकत नाही. कोटलाच्या मैदानावरील खेळाडू तंबूत परतू शकले होते. मैदानाबाहेर त्याच हवेत राबणाऱ्यांना ती सोय तेव्हाही नव्हती आणि आजही नाही.